शर्यत कोणाच्या मालकीची?

सोन्याचा भाव, शेताचा वाटा, लग्नाचा खर्च या विषयांवर आपल्या घरांतून तासन् तास चर्चा चालते. परंतु घरातील शिल्लक कोठे गुंतवावी याविषयी मोकळेपणाने बोलण्याचा आपल्याला अजूनही संकोच वाटतो. पोस्टाचे खाते, बँकेतील मुदतठेव आणि विम्याचा हप्ता या तीन खुंट्यांना पैसा बांधून टाकला की आपण निश्चिंत होतो. जी पिढी आज पुण्यास किंवा इंदूरला नोकरी करते तिचे तसे नाही. ती शेअरविषयी, नव्या कंपन्यांविषयी बोलते आणि कधी कधी वडीलधाऱ्यांना सरळ प्रश्नही विचारते. अशा प्रश्नाला नुसती मान हलवून उत्तर देता येत नाही, हा अनुभव मला गेल्या वर्षी आला. निमित्त मात्र मोठे चमत्कारिक होते. ते होते मोटारींच्या शर्यतींचे.

तुकईथड हे आमचे गाव बऱ्हाणपूर जिल्ह्यात, निमाड, खानदेश आणि वऱ्हाड यांच्या सांध्यावर वसलेले. खंडव्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटर गेज रेल्वेवरील एक स्थानक, एवढीच बाहेरच्या जगाला त्याची ओळख. बाजाराच्या दिवशी एकाच दुकानात मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू अशा चार भाषा ऐकू याव्यात, असे हे गाव. मोटारींच्या शर्यतींशी त्याचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आला तो माझ्या पुतण्यामुळे.

माझे थोरले बंधू नेपानगरच्या कागद गिरणीत नोकरीस होते. त्यांच्या पश्चात मिळालेली रक्कम वहिनींच्या नावे मुदतठेवीत आहे आणि तिच्या व्याजावर वहिनींचे औषधपाणी व शेतातील मजुरीचा बराचसा भाग चालतो. पुतण्या चाकणच्या बाजूस मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात अभियंता आहे. मुलगा सरळ, कष्टाळू. व्यसन म्हणावे तर एकच, शर्यतींचे. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे उभारून मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या, त्या पाहून आल्यावर तो आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हता.

एका सुटीत तो घरी आला तो एक प्रस्ताव घेऊनच. चार-पाच तरुणांनी मिळून एक लहानशी कंपनी काढली होती. लहान मोटारींच्या शर्यतींची एक मालिका ती दरवर्षी भरविणार होती. दक्षिणेतील शर्यतीचे मार्ग भाड्याने घ्यावयाचे, चालकांकडून प्रवेशशुल्क घ्यावयाचे, जाहिरातदार मिळवावयाचे, चित्रण विकावयाचे, अशी योजना. कंपनी काही निवडक लोकांना शेअर देणार होती. त्यासाठी कमीत कमी आठ लाख रुपये हवे होते. दोन लाख त्याच्याजवळ होते. उरलेले सहा लाख आईच्या ठेवीतून मिळावेत, अशी त्याची इच्छा होती.

वहिनींनी त्याचे सर्व ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ताई, हे तुम्हीच बघा. मला यातलं काही कळत नाही."

तीस वर्षे मुलांना गणित शिकविलेल्या बाईने 'मलाही कळत नाही' असे म्हणणे शोभले नसते. मी पुतण्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली.

आरंभ ताळेबंदापासून केला. कोणत्याही नोंदणीकृत कंपनीची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून कोणासही पाहता येतात, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बऱ्हाणपूरला माझी एक जुनी विद्यार्थिनी हिशेबतपासनिसाकडे काम करते. तिच्या मदतीने ती कागदपत्रे मिळविली. जमीन नाही, इमारत नाही, यंत्रे नाहीत. दोन-चार संगणक, कोठेतरी भरलेली अनामत आणि बँकेतील शिल्लक. मोटारीसुद्धा कंपनीच्या नव्हत्या.

माझ्या डोळ्यांसमोर बंधूंची गिरणी आली. नेपानगरचा कारखाना २०१६ ते २०२२ या काळात उत्पादनाविना उभा होता. पण उभा होता. जमीन होती, वसाहत होती, यंत्रे बदलून पुन्हा कागद काढता आला. कारखाना थांबला तरी कारखाना उरतो. शर्यतींची मालिका थांबली तर काय उरते? पुढल्या वर्षाचे वेळापत्रक, नियमांची एक पुस्तिका आणि एक नाव.

हे मी पुतण्याला दूरध्वनीवर सांगितले. तो हसला. म्हणाला, "आत्या, तू जुन्या काळातला विचार करतेस. आज मोठमोठ्या कंपन्यांकडे स्वतःचं काही नसतं. फॉर्म्युला वनचंच बघ ना!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फॉर्म्युला वन ही जगातील सर्वांत प्रसिद्ध मोटार-शर्यतमालिका. तिचे व्यापारी हक्क असलेला उद्योग अमेरिकेच्या लिबर्टी मीडिया या कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये विकत घेतला, तेव्हा त्याचे एकूण मूल्य सुमारे आठ अब्ज डॉलर धरले गेले. त्या उद्योगाच्या मालकीचे ना संघ, ना चालक. बहुतेक सर्व मार्गही दुसऱ्यांचे. मग आठ अब्ज कशाचे? या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; परंतु दुपारची वामकुक्षी मात्र गेली.

उत्तर शोधताना मला आठवण झाली ती बैलांच्या पटाची.

आमच्या भागात आणि खाली वऱ्हाडात शंकरपटाची जुनी हौस आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर नामांकित. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने हे पट थांबले; महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली व १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ती पक्की झाली. मी सांगते आहे तो पट मात्र फार जुना, मी शाळेत जात होते तेव्हाचा. वडील पटाच्या पंचांत होते. पंचांनी वर्गणी जमवावी, शेत मोकळे करून घ्यावे, अंतर आखावे, बक्षीस जाहीर करावे, अशी रीत. बैल मात्र पंचांचे नसत. ते गावोगावच्या शेतकऱ्यांचे. एका वर्षी नेमक्या त्याच दिवशी दुसऱ्या एका गावाने मोठे बक्षीस लावले. नामांकित जोड्या तिकडे गेल्या. आमच्याकडे मांडव होता, पाण्याचे रांजण होते, झेंडी धरणारा होता, रेवड्यांची दुकाने होती. जोड्या तेवढ्या आठ आल्या. दुपार टळण्यापूर्वीच माणसे उठून गेली. रात्री कंदिलाजवळ हिशेब मांडताना वडील म्हणाले, "जागा आपली, बैल लोकांचे."

अमेरिकेत हेच घडले. फक्त तेथे बैलांऐवजी मोटारी होत्या आणि मांडवाऐवजी न्यूयॉर्कचा शेअरबाजार. शर्यतींची मालिका चालविणाऱ्या कंपनीत पैसे घालणाऱ्याने ही हकीकत एकदा तरी सावकाश वाचावी. मी ती पुतण्यासाठी लिहून काढली होती. तीच येथे देते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस तिकडील संघमालक शर्यतींचे नियमन करणाऱ्या जुन्या संस्थेवर नाराज झाले. रॉजर पेन्स्की व पॅट पॅट्रिक यांच्या पुढाकाराने त्यांनी 'चॅम्पियनशिप ऑटो रेसिंग टीम्स', थोडक्यात 'कार्ट', ही संस्था काढली आणि १९७९ पासून स्वतःच्या शर्यती सुरू केल्या. संस्था फोफावली. परंतु त्या प्रकारातील सर्वांत मोठी शर्यत, इंडियानापोलिसची पाचशे मैलांची, तिच्या मालकीची नव्हती. त्या मार्गाची मालकी एका कुटुंबाकडे होती. त्या कुटुंबातील टोनी जॉर्ज यांनी स्वतःची निराळी मालिका काढली व ती १९९६ मध्ये सुरू झाली. तेव्हा कार्टच्या संघांनी काय करावे? २६ मे १९९६ रोजी, इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या दिवशीच, त्यांनी मिशिगन येथे आपली दुसरी शर्यत मांडली. एका दिवशी दोन पट!

अशी फूट पडलेली असतानाच मार्च १९९८ मध्ये कार्टने आपले शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले. विक्रीचा भाव १६ डॉलर. बाजारातील खुणेची अक्षरे 'एमपीएच', म्हणजे ताशी मैल. लोकांना ती कल्पना फार आवडली असावी. शेअर पुढे तीस डॉलरच्याही वर गेला. कंपनीजवळ रोकड भरपूर होती. मोठमोठे जाहिरातदार होते. होंडा, टोयोटा यांसारखे कारखाने इंजिने पुरवीत होते. ताळेबंद पाहून कोणी नाक मुरडावे असे काही नव्हते.

परंतु ताळेबंदात न दिसणारी गोष्ट अशी की, संघमालकांपैकी अनेक जण कंपनीचे भागधारकही होते. जे पंच, तेच बैलांचे धनी. शेअर बाजारात आल्यामुळे त्यांना आपला वाटा विकून मोकळे होता येऊ लागले आणि संघ तर त्यांचेच होते. ते कोठेही नेता येत होते. २९ एप्रिल २००१ रोजी टेक्सासची शर्यत प्रेक्षक जमलेले असताना, सुरू होण्यापूर्वी दोनच तास रद्द करावी लागली. तेथील मार्ग कडेने इतका उतरता आणि वेग इतका प्रचंड, ताशी २३० मैलांच्या आसपास, की सरावातच बहुतेक चालकांना घेरी येऊ लागली होती. चालकांचे प्राण वाचविणारा तो निर्णय योग्यच होता. परंतु मार्गाच्या मालकांनी दावा लावला व कंपनीला तडजोड करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीतील शर्यतीत अलेक्स झनार्डी या लोकप्रिय चालकाचे दोन्ही पाय गेले. मग गळती लागली. २००२ च्या हंगामासाठी खुद्द पेन्स्की यांचा संघ टोनी जॉर्ज यांच्या मालिकेत गेला. २००३ च्या हंगामापूर्वी होंडा व टोयोटाही तिकडे गेले. मुख्य जाहिरातदार 'फेडेक्स'ने हात काढून घेतला. शेवटी मैदानात पुरेशा गाड्या दिसाव्यात म्हणून कंपनीच संघांना पैसे देऊ लागली. ज्यांच्याकडून शुल्क घ्यावयाचे, त्यांनाच येण्याबद्दल भाडे द्यावयाचे! शेअरबाजारातून जमविलेली रोकड या मार्गाने ओसरली.

सप्टेंबर २००३ मध्ये तीन संघमालकांनी मिळून कंपनी विकत घेण्याचा देकार दिला : शेअरमागे ५६ सेंट. १६ डॉलरचे ५६ सेंट म्हणजे शेकडा साडेतीन. लाखाचे साडेतीन हजार. तोही देकार टिकला नाही. डिसेंबर २००३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आसरा घेतला आणि जानेवारी २००४ मध्ये न्यायालयाने तिची मालमत्ता त्याच संघमालकांना विकण्यास संमती दिली. शर्यती पुढे नव्या नावाने २००७ पर्यंत चालू राहिल्या व २००८ मध्ये दोन्ही मालिका एक झाल्या. प्रेक्षकांना शर्यत मिळाली, चालकांना गाड्या मिळाल्या. १९९८ मध्ये सोळा डॉलर देऊन शेअर घेणारा मनुष्य तेवढा या चित्रातून पुसला गेला.

आता फॉर्म्युला वनचे आठ अब्ज कशाचे, हे मला उमगले. त्या मालिकेचे व्यापारी हक्क मोटार-खेळाच्या जागतिक महासंघाने २००१ मध्ये शंभर वर्षांच्या मुदतीने, २११० सालापर्यंत, करार करून दिलेले आहेत. संघांनाही बहुवर्षीय कराराने बांधून घेतलेले आहे. म्हणजे जागा लोकांची, बैलही लोकांचे. परंतु दावे कंपनीच्या हातात. अमेरिकेच्या कंपनीजवळ पैसा होता, दावे नव्हते.

आपल्या देशातील स्थितीही पाहिली. मोटार-शर्यतींचे आपले नावाजलेले मार्ग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे, कोईमतूरजवळ आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे. दिल्लीजवळील बुद्ध मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे झाली. हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ रोजी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. राज्यात नवे शासन आले आणि पुढल्या वर्षीची शर्यत जानेवारीतच रद्द झाली. टिकून आहेत त्या मालिका बहुतांशी एमआरएफ, जेके टायर अशा टायर-उत्पादकांच्या पाठबळावर. चाकणला तयार होणाऱ्या पोलो गाडीचीही एक मालिका तिच्या कारखानदाराने २०१० पासून काही वर्षे चालविली. या उत्पादकांना शर्यतीतून नफा नको असतो. त्यांच्या दृष्टीने तो जाहिरातीचा खर्च. जो मनुष्य जाहिरातीसाठी पाणपोई चालवितो त्याच्या शेजारी पाणी विकण्याचे दुकान मांडणे किती कठीण, हे सांगावयास नको.

कायद्याचे पुस्तकही उघडले. खाजगी कंपनीला लोकांकडून जाहीरपणे भांडवल मागता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार असा प्रस्ताव एका आर्थिक वर्षात दोनशेहून अधिक व्यक्तींना देता येत नाही. तो नाव घालूनच द्यावा लागतो. रक्कम रोखीने घेता येत नाही. आणि पैसे मिळाल्यापासून साठ दिवसांत शेअर दिले नाहीत तर पुढील पंधरा दिवसांत ते परत करावे लागतात, नाही तर शेकडा बारा दराने व्याजासह. पुतण्याकडे तो प्रस्ताव कसा आला होता? व्हॉट्सॲपच्या एका मोठ्या समूहावर. शिवाय खाजगी कंपनीचे शेअर विकण्यावर तिच्याच नियमावलीचे निर्बंध असतात. उद्या आईचे औषध आणावयाचे म्हणून ते बाजारात नेऊन विकता येत नाहीत.

हे सर्व मी बारा पानांत लिहून त्याला पाठविले. त्याने वाचले आणि दूरध्वनी केला तो रागाने. "तुम्ही दोघींनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. तुम्हाला यातलं काय समजणार?" एवढे बोलून त्याने दूरध्वनी ठेवला. पुढे पंधरा-सोळा दिवस त्याचा आवाज नाही. वहिनी काही बोलत नसत. पण रोज संध्याकाळी दूरध्वनी हाताशी घेऊन ओट्यावर बसत. ते दिवस मला फार जड गेले. पैसा वाचवून मुलगा दुरावला तर त्या हिशेबात आपण काय मांडावयाचे, हा प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला. तरीही लिहिलेले एक अक्षर मला मागे घ्यावेसे वाटले नाही.

सतराव्या दिवशी तो आला. मधल्या काळात तो स्वतः त्या तरुणांना जाऊन भेटला होता आणि मी लिहिलेले प्रश्न त्याने त्यांना विचारले होते. मार्गाचा करार किती वर्षांचा? एका हंगामाचा. टायर देणाऱ्याशी लेखी काही आहे का? आहे, तेही एका हंगामापुरते. सोळा चालक येणार, त्यांपैकी शुल्क किती जणांनी भरले? चौघांनी. बाकीच्यांचा शब्द आहे. महासंघाची मान्यता? अर्ज केला आहे. यातले एकही उत्तर त्यांनी लपविले नाही, ही गोष्ट मला आवडली. मंडळी लबाड नव्हती. ती आमच्या वडिलांसारखीच हौशी होती. समूहावरील तो मजकूर त्यांनी काढून टाकला व नाव घालून रीतसर पत्रे पाठविली.

वहिनींनी त्याला जेवू घातले आणि मग म्हणाल्या, "तुझे पैसे तू कुठेही घाल. बुडाले तर मी एक शब्द बोलणार नाही. पण बाबांच्या ठेवीचं व्याज दर तीन महिन्यांनी येतं, त्यावर मी कोणाकडे हात पसरत नाही. ते मला मोडायचं नाही."

तो बराच वेळ ताटाकडे पाहत राहिला. "बरं," एवढेच म्हणाला.

ठेव मोडली नाही. कंपनीने त्याच्यासाठी किमान रकमेची अट शिथिल केली आणि त्याने आपल्या दोन लाखांपैकी दीड लाख घातले. मी विरोध केला नाही. दीड लाखांत पंचविशीतला मुलगा दुचाकी घेतो आणि ती चार वर्षांत निम्म्या किमतीची होते. त्याबद्दल आपण त्याला गुंतवणुकीचे धडे देत नाही. रक्कम बँकेतून गेली व साठ दिवसांच्या आत शेअर त्याच्या खात्यावर जमा झाले, हे मी तारखा मोजून पाहिले. त्याशिवाय तो सुटीच्या दिवशी तेथे वेळ नोंदविण्याचे कामही करू लागला आहे. त्याबद्दल त्याला पैसे मिळत नाहीत, जेवण मिळते.

पहिली शर्यत दक्षिणेतील एका मार्गावर पार पडली. रात्री त्याचा दूरध्वनी आला तेव्हा आम्ही दोघी ओट्यावरच होतो. कोणी कोणास मागे टाकले, एका गाडीचे चाक कसे निखळले, कोणाचा वेळ किती सेकंदांनी कमी आला, हे तो भरभरून सांगत होता. मी ऐकत होते. वहिनींनी मात्र मध्येच माझ्या हातून दूरध्वनी घेतला.

"गाड्या किती आल्या?"

"अकरा."

"सांगितल्या होत्या किती?"

"सोळा, आई."

"बरं. पुढच्या वेळी मोजून सांग," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हाती परत दिला.

दुसरी शर्यत पावसाळा सरल्यावर आहे.